पिशवीतली तीन कॉमिक्स: वेस्टर्न पब्लिशिंगने सुटा अंक बंद केला तेव्हा

हे प्रकरण कशासाठी

दिवाळी तोंडावर आली की पुण्यात अप्पा बळवंत चौकात दिवाळी अंकांचे संच मांडलेले दिसतात. चार-पाच अंक एकत्र बांधलेले, वर थोडी सवलत. घेणाऱ्याला वाटतं स्वस्तात पडलं, विक्रेत्याचे एका फटक्यात चार अंक जातात. पण त्या गठ्ठ्यात एखादा अंक असा असतोच, जो सुटा ठेवला असता तर कुणी उचलला नसता. संच विकण्यातली सगळी ताकद आणि सगळी जोखीम त्या एका अंकापाशी येऊन थांबते.

अमेरिकेत कॉमिक्सच्या धंद्याने हा प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर केला. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून १९८०च्या दशकापर्यंत तिथे दोन, तीन किंवा चार कॉमिक्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून एका किमतीला विकली गेली. बहुतेक प्रकाशकांसाठी हा जोडधंदा होता. एका प्रकाशकाने मात्र सुट्या अंकाचा रस्ता सोडून सगळा भार पिशवीवर टाकला. ती कंपनी म्हणजे विस्कॉन्सिन राज्यातल्या रसीन गावची वेस्टर्न पब्लिशिंग. तो निर्णय कसा घडला आणि त्याचं काय झालं, हे इथे मांडतो आहे. कंपन्यांची नावं खरी आहेत, तो सार्वजनिक इतिहास आहे. आतल्या अधिकाऱ्यांची आणि विक्रेत्यांची नावं मात्र घेतलेली नाहीत. त्यांच्यासमोरचे पर्याय मी त्यांच्या बाहेर दिसलेल्या कृतींवरून मांडले आहेत.

मुलांसाठी मराठीत छापणाऱ्या आणि विकणाऱ्या मित्रांनी हे वाचावं असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडेही ‘सुटं परवडत नाही, संचच काढू’ हे वाक्य वरचेवर कानावर येतं.

पार्श्वभूमी

वेस्टर्नची सुरुवात १९०७ सालची. मूळ धंदा छपाईचा. पुढे ‘व्हिटमन’ या नावाने मुलांची रंगवायची पुस्तकं, कोडी, खेळ, स्वस्त गोष्टींची पुस्तकं असा पसारा वाढला. १९४२ साली ‘लिटल गोल्डन बुक्स’ ही छोट्या मुलांची मालिका आली आणि कंपनी घरोघरी पोचली.

कॉमिक्समध्ये ती १९३८पासून डेल या प्रकाशकासोबत होती. डिस्ने, वॉर्नर ब्रदर्स अशांकडून पात्रांचे हक्क मिळवणं, गोष्टी लिहून-काढून घेणं आणि छापणं हे वेस्टर्नचं काम. पैसा घालणं आणि अंक बाजारात पोचवणं हे डेलचं. ही जोडी इतकी जमली की १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला डिस्नेच्या मासिक कॉमिकचा खप महिन्याला ३० लाखांच्या वर गेला होता. रविवारी दूरदर्शनवरच्या कार्टूनमध्ये नाण्यांच्या ढिगात सूर मारणारा म्हातारा बदक ज्यांनी पाहिला असेल, त्यांनी हे लक्षात ठेवावं की तो अंकल स्क्रूज मुळात याच कॉमिक्सचा. १९४७ साली कार्ल बार्क्स नावाच्या चित्रकाराने तो घडवला.

१९६२ साली डेल आणि वेस्टर्न वेगळे झाले. वेस्टर्नने ‘गोल्ड की’ ही स्वतःची छाप काढली आणि बहुतेक पात्रं स्वतःबरोबर नेली. पहिल्याच वर्षी गोल्ड कीने फँटमचंही कॉमिक सुरू केलं. दोन वर्षांनी, मार्च १९६४मध्ये, टाइम्स ऑफ इंडियाच्या इंद्रजाल कॉमिक्सने हाच नायक भारतात आणला. आपल्या मुलांनी त्याला वेताळ म्हणून ओळखलं.

१९६२ साली आणखी एक गोष्ट घडली, आणि या प्रकरणात ती जास्त महत्त्वाची आहे. केमार्ट, वॉलमार्ट आणि टार्गेट या तिन्ही स्वस्त दुकानसाखळ्यांची पहिली दुकानं त्याच वर्षी उघडली. कॉमिक विकणारी कोपऱ्यावरची गोळ्या-चॉकलेटची आणि औषधांची दुकानं एकीकडे मोडत चालली होती. दुसरीकडे गाडी लावायला ऐसपैस जागा असलेली ही प्रचंड दुकानं गावाबाहेर उभी राहत होती.

अडचण कुठे होती

अमेरिकेतलं कॉमिक १९३०च्या दशकापासून १० सेंटला मिळत होतं. कागद महाग झाला, मजुरी वाढली, तरी ती किंमत जवळजवळ पंचवीस वर्षं हलली नाही. प्रकाशकांनी पानं कमी केली, पण किमतीला हात लावायला ते धजत नव्हते. शेवटी १९६१-६२च्या सुमारास बहुतेकांनी ती १२ सेंटवर नेली.

१२ सेंटच्या वस्तूवर दुकानदाराला किती सुटणार? जेमतेम दोन-तीन सेंट. त्यासाठी त्याने जाळीचं फिरतं स्टँड दुकानात ठेवायचं, मुलं उभ्या उभ्या वाचून जाणार ते सहन करायचं, दर महिन्याला मोजदाद करायची. तेवढ्याच जागेत चौपट किमतीचं मासिक ठेवलं तर कमिशनही चौपट. कॉमिकला जागा देणं हा दुकानदाराला हळूहळू उपद्व्याप वाटू लागला.

याहून मोठं दुखणं परत येणाऱ्या अंकांचं. आपले पेपर विक्रेते ज्याला ‘रिटर्न’ म्हणतात तेच. न खपलेला अंक वितरकाकडे परत जायचा आणि दुकानदाराला त्याचे पूर्ण पैसे वळते व्हायचे. आख्खा अंक परत पाठवणं खर्चिक, म्हणून मुखपृष्ठ किंवा त्यावरची नावाची पट्टी फाडून पाठवायची आणि उरलेला अंक नष्ट करायचा, अशी रीत होती. पुढे तेवढेही कष्ट वाचवले गेले. ‘इतके अंक खपले नाहीत, ते नष्ट केले’ असं वितरकाने लिहून दिलं की पैसे वळते होऊ लागले. लबाडीला दार उघडं झालं. नष्ट झाल्याची नोंद असलेले गठ्ठे मागच्या दाराने विकले जाऊ लागले.

१९७०च्या दशकात छापलेल्यातल्या निम्म्याहून कमी प्रती खपणं ही नेहमीची गोष्ट झाली होती. समजा १०० प्रती छापल्या आणि ४० खपल्या. म्हणजे ६० प्रतींचा कागद, शाई आणि गाडीभाडं त्या ४० प्रतींच्या तुटपुंज्या नफ्यातून भरून काढायचं. हे गणित कितीही वेळा मांडलं तरी बसत नव्हतं.

पिशवी आली ती अशी

पहिल्या पिशव्या फार प्रतिष्ठेच्या नव्हत्या. १९५८ ते १९६४ या काळात आय. डब्ल्यू. आणि सुपर कॉमिक्स या नावांनी एका प्रकाशकाने बंद पडलेल्या कंपन्यांची जुनी कॉमिक्स पुन्हा छापली आणि पिशवीत घालून किराणा आणि स्वस्त मालाच्या दुकानांत विकली. बऱ्याच अंकांवर धड तारीखही नव्हती.

त्यानंतर डीसीसारखी आघाडीची कंपनी यात उतरली. तिचे ‘कॉमिकपॅक’ १९६१ साली आले. चार ताजी कॉमिक्स, किंमत ४७ सेंट. हा आकडा नीट पाहण्यासारखा आहे. चार सुट्या अंकांचे ४८ सेंट होत होते, म्हणजे गिऱ्हाइकाला सवलत मिळाली एका सेंटची! फायदा होता तो दुकानाचा. १२ सेंटची वस्तू दुकानाला नकोशी होती, ४७ सेंटची हवीशी होती. ती खिळ्याला टांगता येत होती, कुणी फुकट वाचू शकत नव्हतं, आणि गल्ल्यावर एकदाच नोंद करावी लागत होती.

प्रकाशकाचा फायदा वेगळा होता. पिशवीतला माल साधारणपणे परत न घेण्याच्या बोलीवर जात असे. एकदा विकला की विकला.

वेस्टर्नसाठी तर हे घरच्या अंगणातलं काम होतं. व्हिटमनची रंगवायची पुस्तकं आणि कोडी आधीपासूनच खेळण्यांच्या आणि मोठ्या दुकानांत जात होती, विक्रीची माणसं तिथे ये-जा करत होती. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून कंपनीने एकच अंक दोन छापांनी काढायला सुरुवात केली. आतली पानं तीच, चित्र तेच, फक्त मुखपृष्ठाच्या कोपऱ्यातलं चिन्ह बदललेलं. स्टॉलवर जाणारा अंक गोल्ड की, पिशवीत जाणारा व्हिटमन.

हे जाळं इतकं पसरलं की वेस्टर्न प्रतिस्पर्ध्यांचीही कॉमिक्स उचलून पिशव्यांत भरू लागली. डीसीचे पुढे प्रकाशक झालेले पॉल लेविट्झ यांनी वेस्टर्नची ही योजना प्रचंड होती असं नंतर सांगितलं आहे. सत्तरच्या दशकातही वेस्टर्न डीसीचा माल मोठ्या संख्येने घेत होती, ५०,०००च्या वरचा आकडा त्यांना आठवत होता. १९७८ ते १९८०मधल्या डीसीच्या कितीतरी अंकांच्या मुखपृष्ठावर व्हिटमनचं चिन्ह दिसतं ते यामुळेच. मार्व्हलने १९७७पासून परत न घेण्याच्या प्रती वेगळ्या ओळखू याव्यात म्हणून त्यांच्यावरची किंमत समभुज चौकोनात छापली. कमी दराने घेतलेली प्रत स्टॉलच्या रिटर्नमध्ये घुसवून कुणी पूर्ण पैसे उकळू नयेत, हा त्यामागचा हेतू.

पिशवीचं सगळ्यात चांगलं यश मला दिसतं ते ‘स्टार वॉर्स’मध्ये. १९७७चा हा चित्रपट मार्व्हलने आपल्या ‘स्टार वॉर्स’ कॉमिकच्या पहिल्या सहा अंकांत मांडला होता. ते अंक पुन्हा छापून तीन-तीनच्या पिशव्यांतून विकले गेले. दोन पिशव्या घेतल्या की अख्खा चित्रपट हातात. आई-वडिलांना काही समजावून सांगावं लागत नव्हतं, मुलाला पुढच्या महिन्याची वाट पाहावी लागत नव्हती. गोष्ट पूर्ण होती, म्हणून संच नैसर्गिक होता.

पिशवी हातात घेतल्यावर

या मालाची रचना जवळून पाहायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यात दडलेलं आहे.

पारदर्शक प्लास्टिकची लांबट पिशवी. वरच्या बाजूला छापील पट्टी, त्यावर कंपनीचं नाव आणि किंमत, मध्ये खिळ्यासाठी भोक. आत तीन कॉमिक्स पाठीला पाठ लावून. समोरून एक मुखपृष्ठ दिसतं, उलटं केलं की दुसरं दिसतं. मधलं दिसत नाही.

तो मधला अंक हीच खरी गोष्ट. मूल पिशवी हातात घेतं, अंगठ्याने कडा दाबतं, प्लास्टिक ताणून मधल्या अंकाचा कोपरा दिसतो का ते बघतं. कधी एखादं अक्षर दिसतं, कधी नुसती रंगाची रेघ. घरी जाऊन फोडल्यावर कळतं की मधला अंक गेल्या महिन्यात घेतलेलाच आहे, किंवा ज्या पात्राकडे आपण ढुंकूनही पाहत नाही त्याचा आहे. प्रकाशकाला मधली जागा सोयीची होती, कमी खपणारी मालिका तिथे घालता येत होती. मुलासाठी तो दर वेळी लावलेला जुगार होता.

आणि पिशवीचे पैसे कोण देत होतं? स्टॉलवर मूल स्वतःच्या मुठीतली नाणी देऊन एक अंक निवडत होतं. मोठ्या दुकानात आई किंवा आजी किराण्याच्या गाडीत पिशवी टाकत होती, गाडीच्या मागच्या सीटवर पोरं भांडू नयेत म्हणून. वाचक आणि गिऱ्हाईक आता वेगवेगळे झाले होते.

समोर कोणते पर्याय होते

१९७९ साली खेळणी बनवणाऱ्या मॅटेल कंपनीने वेस्टर्न विकत घेतली. स्टॉलवरच्या विक्रीतून फायदा उरलेला नव्हता. पुढच्या वाटा साधारण अशा होत्या.

स्टॉलवरच राहून अंकाचा आकार आणि किंमत वाढवायची, म्हणजे दुकानदाराला परवडेल. वेस्टर्नला याचा अनुभव होता. १९६८ ते १९७६ तिने डिस्नेच्या गोष्टींचं छोट्या आकाराचं जाडजूड डायजेस्ट काढलं होतं. १९७८-७९मध्ये जाड मुखपृष्ठाची, ४८ पानी ‘डायनाब्राइट’ कॉमिक्स ६९ सेंटला आणली होती. दोन्ही बंद झाली होती. पण त्याच काळात आर्ची कॉमिक्सने १९७३पासून छोटी डायजेस्ट काढून सुपरमार्केटच्या पैसे भरण्याच्या रांगेत आपली जागा पक्की केली. तिथे आईच्या हाताला लागूनच मूल उभं असतं, आणि अंक सुटा असतो.

दुसरी वाट नुकतीच उघडत होती. १९७३पासून फक्त कॉमिक्स विकणाऱ्या छोट्या दुकानांना थेट पुरवठा करण्याची पद्धत न्यूयॉर्कच्या फिल स्यूलिंग यांनी सुरू केली होती. तिथेही माल परत घेण्याची भानगड नव्हती, दुकानदाराला बदल्यात जास्त सवलत मिळत होती. मात्र ही दुकानं मोठ्या वयाच्या, संग्रह करणाऱ्या वाचकांची. बदकांची आणि सशांची कॉमिक्स तिथे कोण घेणार, अशी शंका कुणालाही आली असती.

तिसरी वाट हातात होती ती पिशवीची. मॅटेलचा सगळा धंदाच खेळण्यांच्या दुकानांतून चालत होता. खिळ्याला टांगलेली पिशवी त्यांना ओळखीची होती, सुटं मासिक परकं.

चौथी वाट म्हणजे कॉमिक्स थांबवून पुस्तकांकडे लक्ष देणं. ही वाट शेवटी घ्यावीच लागली, पण १९८४ साली.

काय केलं

१९८०च्या सुमारास गोल्ड की ही छाप मावळली आणि सगळे अंक व्हिटमनच्या नावाने निघू लागले. १९८१पर्यंत स्टॉलवरचं वितरण पूर्ण बंद झालं. माल खेळण्यांच्या आणि मोठ्या दुकानांत, पिशव्यांमधून जाऊ लागला. पुढे कॉमिक्सच्या खास दुकानांना पुरवठा करण्याची व्यवस्थाही केली, पण तोवर त्या दुकानांतली जागा मार्व्हल आणि डीसीने व्यापली होती.

खर्च कमी करण्यासाठी जुन्या गोष्टी पुन्हा छापणं वाढलं. या धंद्यात एक जुना समज होता की वाचक मुलांची पिढी चार-पाच वर्षांत बदलते, तेव्हा जुनी गोष्ट नव्या मुलाला नवीच. बार्क्ससारख्याच्या गोष्टी पुन्हा छापणं यात मला काहीच वावगं दिसत नाही. त्या गोष्टी सोन्यासारख्या होत्या आणि मुलांपर्यंत पोचायलाच हव्या होत्या.

शेवटच्या काही वर्षांत अंकांवरची तारीखही गेली. मासिकाला तारीख असते, खेळण्याला नसते. पिशवी खिळ्यावर सहा महिने लटकली तरी शिळी दिसू नये, म्हणून तारीख काढली.

काय झालं

पहिला फटका लगेच दिसला. ऑगस्ट ते डिसेंबर १९८०च्या दरम्यानचे काही अंक फक्त पिशव्यांतून गेले आणि फारच कमी प्रती बाजारात पोचल्या. ‘अंकल स्क्रूज’चा सप्टेंबर १९८०चा अंक, क्रमांक १७९, आजही संग्राहक शोधत फिरतात. नियमित वाचणाऱ्या मुलाच्या बाजूने हे पाहिलं की पोटात कालवतं. त्याला १७८ मिळाला, मग पुढचा कुठेच नाही. नेहमीच्या स्टॉलवर नाही. आईबरोबर मोठ्या दुकानात गेला तर टांगलेल्या पिशव्यांमध्ये कुठला अंक कशात आहे ते कळायला मार्ग नाही. दोन-तीन महिने असं झालं की दहा वर्षांचं मूल दुसरीकडे वळतं. त्या वर्षांत दुसरीकडे म्हणजे बहुतेकदा व्हिडिओ गेमकडे.

मॅटेलला स्वतःलाच व्हिडिओ गेमच्या धंद्यात १९८३ साली मोठा तोटा झाला आणि तिने वेस्टर्न विकायला काढली. नवा मालक आला आणि १९८४ साली वेस्टर्नने कॉमिक्स बंद केली. डेलच्या काळापासून धरलं तर जवळजवळ ४६ वर्षांचा प्रवास तिथे थांबला. ‘अंकल स्क्रूज’ २०९व्या अंकावर थांबलं, डिस्नेचं मुख्य मासिक ५१०व्या अंकावर.

मार्व्हल आणि डीसी याच काळात याच पिशव्या वापरत होत्या. त्या बुडाल्या नाहीत. त्यांनी स्टॉल सोडला नव्हता आणि खास दुकानांतही त्या वेळेवर शिरल्या. त्यांच्यासाठी पिशवी हे घराचं दुसरं दार होतं. वेस्टर्नने पुढचं दार भिंत घालून बंद केलं.

निर्णयाच्या जागा

माझ्या मते रिटर्नचा अर्थ कसा लावला, ही यातली सगळ्यात मोठी जागा. परत येणारा अंक म्हणजे तोटा, हे खरंच आहे. पण परत येणारा अंक बातमीही देत होता. अमुक पात्राचे ६० अंक परत आले, तमुकचे ३०, म्हणजे मुलांना काय आवडतंय ते दर महिन्याला कळत होतं. शिवाय दर महिन्याला स्टँड रिकामं होऊन नवा माल लागत होता. पिशवीने हे दोन्ही बंद केलं. पिशवी खपली की तिन्ही अंक खपले अशी नोंद. कुठल्या अंकामुळे ती उचलली गेली, हे रसीनमध्ये बसून कुणालाही सांगता येणं शक्य नव्हतं. आणि न खपलेली पिशवी परत जात नव्हती, खिळ्यावरच राहत होती. खिळा भरलेला असला की दुकानाचा खरेदी अधिकारी नवी मागणी कशाला देईल? तोटा प्रकाशकाच्या वहीतून गेला आणि दुकानाच्या भिंतीवर जाऊन टांगला गेला, इतकंच.

पिशवीचं यश कशाचं यश होतं, हेही त्या वेळी तपासायला हवं होतं. सत्तरच्या दशकात पिशव्या खपल्या तेव्हा स्टॉलही चालू होता. मुलाला ती पात्रं, त्या मालिका स्टॉलवरून माहीत होत्या. आजीने पिशवी उचलली ती नातवाच्या हातात तसलं काहीतरी पाहिलेलं असल्यामुळे. म्हणजे सुटा अंक नफा देत नसेल, पण पिशवीसाठी गिऱ्हाईक तयार करत होता. त्याचा खर्च हिशेबात वेगळा दिसत होता, म्हणून तो कापणं सोपं गेलं.

खास दुकानं आणि पिशवी, दोन्हीकडे माल परत घेतला जात नव्हता. तरी एक वाढलं आणि दुसरं आटलं. या दोघांतला फरक फार साधा आहे. दुकानात दर अंक वेगळा मागवता येत होता आणि वेगळा उचलता येत होता. विक्रेत्याला आपल्या गिऱ्हाइकाचं तोंड ओळखीचं होतं. रिटर्नचा काच सोडवायला सुटेपण सोडावं लागत नाही, याचा पुरावा वेस्टर्नच्या डोळ्यांसमोर उभा होता.

वेगळं काय करता आलं असतं

हे लिहिणं सोपं आहे याची मला जाणीव आहे. स्टॉल तोट्यात होता, मालक नवा होता, आणि कुणीही असलं तरी काहीतरी तोडावंच लागलं असतं.

तरीही मला वाटतं, सगळ्या मालिका पिशवीत नेण्याऐवजी दोन-तीन सगळ्यात लाडक्या मालिका सुट्या ठेवायच्या होत्या. स्टॉलवर नाही परवडत, तर आर्चीसारख्या डायजेस्टच्या रूपात, पैसे भरण्याच्या रांगेत. डिस्नेच्या गोष्टींचा साठा वेस्टर्नकडे होता. आईच्या आणि मुलाच्या एकाच वेळी ओळखीचं असं दुसरं काय होतं?

पिशवी ठेवायचीच होती, तर तिला गोष्टीचा आधार द्यायला हवा होता. ‘स्टार वॉर्स’ने तो धडा १९७७ सालीच दिला होता. बार्क्सच्या लांब साहसकथा निवडून तीन अंकांचा एक पूर्ण संच केला असता, वर ‘पहिला, दुसरा, तिसरा’ असं ठळक छापलं असतं, तर मधल्या अंकाचं गूढ राहिलं नसतं. आत काय आहे ते निदान पट्टीवर लिहायचं. पण मधला अंक झाकलेला राहणं ही प्रकाशकाची सोय होती, आणि ती सोय सोडवेना.

खास दुकानांबद्दलची शंका खोटी होती हे तर पुढे सिद्धच झालं. बदकांच्या गोष्टी वाचत मोठे झालेले लोक तिशी-चाळिशीत पोचले होते. बार्क्सचे जुने अंक ते मोठ्या किमतीला घेत होते. मुलांसाठीची वस्तू मोठ्या माणसाच्या आठवणीतही खपते, हे पाहायला वेस्टर्नमध्ये कुणी थांबलं नाही. काही संग्राहकांनी मात्र ते पाहिलं. त्यांच्याच पुढाकाराने ग्लॅडस्टोन नावाचा छोटा प्रकाशक उभा राहिला आणि त्याने डिस्नेचे हक्क मिळवले.

दोन वर्षं अमेरिकेत डोनाल्ड बदकाचं एकही नियमित कॉमिक नव्हतं. ऑक्टोबर १९८६च्या तारखेचा ‘अंकल स्क्रूज’ बाजारात आला तो क्रमांक २१० घेऊन, मधलं काही घडलंच नाही अशा थाटात. पुढच्याच वर्षी त्यात डॉन रोझा नावाच्या एका वाचकाची पहिली बदककथा छापून आली. लहानपणी बार्क्स वाचून वेडावलेला हा माणूस तोवर घरच्या बांधकामाच्या धंद्यात होता. २१० हा अंक कॉमिक्सच्या दुकानात आणि स्टॉलवरही मिळत होता. सुटा, मुखपृष्ठ पूर्ण दिसणारा, आणि वर तारीख छापलेला.